सुरक्षा परिचय, कारखान्यातील
नव्या कामगाराला यंत्राजवळ आणि अभ्यागताला आवारात सोडण्यापूर्वी तेथील धोके व बचावाच्या रीती समजावणारे प्राथमिक प्रशिक्षण.

भारतात खाणींसाठी व्यावसायिक प्रशिक्षणाचे नियम १९६६ मध्ये झाले. त्याच वर्षी ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळमध्ये एका कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट हा विषारी वायू पसरला, तेव्हा पळावे कोठे, हेच शेजारच्या वस्तीला ठाऊक नव्हते [→ भोपाळ वायुदुर्घटना]. त्यानंतर १९८७ च्या दुरुस्तीने कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये कलम १११-अ आले व सुरक्षा प्रशिक्षण हा कामगाराचा हक्क ठरला. धोकादायक प्रक्रियांची माहिती कामगारांना, आणि परिसरातील लोकांनाही, देणे कलम ४१-ब ने बंधनकारक केले [→ कारखाने अधिनियम].

रासायनिक कारखान्यात फाटकावरच काडेपेटी व मोबाइल जमा होतात, हेल्मेट मिळते, भोंग्याचे इशारे व जमण्याची जागा सांगितली जाते. वायुगळती झाल्यास उंचावरच्या कापडी नळकांड्यावरून वाऱ्याची दिशा पाहून त्याला आडवे निघायचे असते. वाऱ्याबरोबर पळणे घातक. अभ्यागताचे शिक्षण येथे संपते आणि पुढे सोबती लागतो. कामगाराला मात्र यंत्रावरील संरक्षक जाळी, रसायनांची माहितीपत्रके व कामाचा परवाना हेही शिकावे लागते [→ औद्योगिक सुरक्षा].

कारखाने अधिनियमाच्या व्याख्येत कंत्राटी कामगारही ‘कामगार’च होता, म्हणून प्रशिक्षणाचा हक्क त्यालाही होता.