सकळ लिपीची किल्ली

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी घरोघर तिजोरीला हळदकुंकू लागते. तिजोरी म्हणजे सर्वांकडे लोखंडीच असते असे नाही. कुणाची ट्रंकेत, कुणाची डाळीच्या डब्यात. कुलूप-किल्लीची जोडी मात्र सगळीकडे सारखी. आणि किल्ली हरवली तरी माणूस हातपाय गाळून बसत नाही. बाजाराच्या कोपऱ्यावर किल्ल्या करणारा बसलेला असतो, तो कानस घासून अर्ध्या तासात काम करून देतो.

पण आताच्या जगात अशी एक तिजोरी निघाली आहे की तिच्यापुढे तोही हात जोडील. २००९ साली बिटकॉइन नावाचे चलन सुरू झाले. त्याला ना नाणे, ना नोट, ना पेढी. जगभरच्या हजारो संगणकांवर एकच खातेवही ठेवलेली असते आणि अमुक खात्यावर इतके जमा, एवढीच तिच्यात नोंद. त्या खात्यातला पैसा हलवायचा तर एक गुप्त संख्या लागते. ती जपून ठेवण्याच्या साधनाला 'वॉलेट', म्हणजे पाकीट, म्हणतात आणि त्या पाकिटालाही परवलीचा शब्द असतो. शब्द विसरला की संपले. बँकेत जाऊन सही दाखवावी, मॅनेजरसाहेबांना ओळख द्यावी, ही सोयच नाही. कारण मॅनेजरच नाही!

स्टीफन थॉमस नावाच्या संगणकतज्ज्ञाची कथा २०२१ च्या जानेवारीत जगभर छापून आली. बिटकॉइनची माहिती देणारी एक चित्रफीत तयार केल्याबद्दल त्याला २०११ साली ७००२ बिटकॉइन मिळाले होते. तेव्हा त्यांना फारसे मोल नव्हते. किल्ली त्याने एका कुलूपबंद उपकरणात ठेवली आणि त्याचा परवलीचा शब्द एका कागदावर लिहिला. तो कागद हरवला. उपकरणाची अट अशी, की दहा वेळा चुकलात तर आतला मजकूर कायमचा गेला. कथा छापली गेली तेव्हा त्याचे आठ प्रयत्न चुकले होते आणि त्या नाण्यांची किंमत कोट्यवधी डॉलर झाली होती.

दुसऱ्या एकाचे दैव बरे. युरोपातल्या एका गृहस्थाने २०१३ साली ४३.६ बिटकॉइनच्या पाकिटाला वीस अक्षरांचा परवलीचा शब्द लावला होता. तो त्याने स्वतः रचला नव्हता, एका संगणकी कार्यक्रमाकडून काढून घेतला होता. पुढे तो नोंदलेली फाईलच बिघडली. अमेरिकेतला जो ग्रँड हा कुलपे उघडण्यात निष्णात अभियंता आणि त्याचा एक सहकारी यांनी कुलपाला हात न लावता कुलूप करणाराची सवय तपासली. तेव्हा आढळले, की त्या कार्यक्रमाची जुनी आवृत्ती शब्द काढताना घड्याळाकडे पाहत असे! तारीख आणि वेळ तीच, तर शब्दही तोच. मग त्यांनी संगणकाला त्या काळातल्या क्षणाक्षणाचे शब्द पुन्हा काढायला लावले, आणि १५ मे २०१३ च्या दुपारी जन्मलेला तो शब्द दहा वर्षांनी सापडला. (असे विद्वान विरळा. "तुमचे पाकीट उघडून देतो, आधी पैसे पाठवा" म्हणणारे भामटे मात्र पुष्कळ आहेत.)

विद्येने लावलेले कुलूप आणि विद्येनेच काढलेली किल्ली! इतिहासाच्या वाचकाला हे ऐकून आमच्या शेजारची एक गोष्ट आठवल्यावाचून राहत नाही.

आम्ही वर्धेचे लोक नदीच्या अलीकडचे. आष्टीच्या बाजूने नदी ओलांडली की मोर्शी तालुका लागतो आणि त्यात रिद्धपूर आहे. तेराव्या शतकात, यादवांच्या अमदानीत, महानुभाव पंथाचे श्रीगोविंदप्रभू या गावी राहिले. श्रीचक्रधरस्वामी गेल्यानंतर त्यांचे शिष्य नागदेवाचार्य आणि इतर मंडळी येथेच जमली. त्यांच्यातल्या म्हाइंभटाने स्वामींच्या आठवणी लिहून काढण्याचे मनावर घेतले. हा मोठा चिकाटीचा मनुष्य. ज्याने जे पाहिले-ऐकले त्याच्याकडून ते मिळवावे, म्हणून तो माणसामाणसापाशी गेला. इ. स. १२७८ च्या सुमारास सिद्ध झालेला त्याचा 'लीळाचरित्र' हा ग्रंथ मराठी गद्याचा पहिला मोठा ठेवा होय. पंथाचा व्यवहार मराठीतच चालावा, असा नागदेवाचार्यांचा आग्रह होता. संस्कृतात लिहिले तर साध्याभोळ्या बायाबापड्या वंचित होतील, ही त्यांना काळजी.

आणि याच पंथाने पुढे आपले ग्रंथ कुलपात घातले.

त्यापूर्वी एक मोठे संकट येऊन गेले. चौदाव्या शतकाच्या आरंभी देवगिरीवर उत्तरेच्या फौजा पुनःपुन्हा आल्या. त्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथीच गेली, असे परंपरा सांगते. पण हिराइसा नावाच्या साध्वीला ग्रंथ मुखोद्गत होता, तो तिच्याकडून पुन्हा उतरवून घेतला. इतरांनीही आपापल्या पाठांतराच्या आधारे पाठ सिद्ध केले. म्हणून या ग्रंथाचे निरनिराळे पाठ आढळतात आणि त्यांपैकी एक हिराइसेच्या नावाने ओळखला जातो. नरेंद्र कवीची आख्यायिकाही याच जातीची. त्याचे 'रुक्मिणीस्वयंवर' रामदेवराव यादवाला इतके आवडले, की ते आपल्या नावावर करून देण्याबद्दल त्याने सोने देऊ केले. नरेंद्राने नकार दिला. पोथी राजाकडे राहिली आणि कवी व त्याचे भाऊ यांनी आठवतील तेवढ्या ओव्या पुन्हा लिहिल्या. निम्म्या हाती लागल्या, निम्म्या गेल्या. त्या काळी परवलीचा शब्द आणि तिजोरी दोन्ही माणसाच्या डोक्यातच असत.

लिपीचे कुलूप यानंतरचे. चौदाव्या शतकात रवळोबासांनी 'सकळ लिपी' योजली. 'सह्याद्रिवर्णन' लिहिणारे कवी ते हेच. तिची युक्ती अक्षरांच्या अदलाबदलीची: एका अक्षराच्या जागी ठरलेले दुसरे अक्षर लिहायचे. समजा 'क' आणि 'म' यांनी जागा बदलल्या, तर 'कमळ' हा शब्द 'मकळ' असा लिहिला जाईल. (हे उदाहरण माझे, फळ्यावरचे, पंथाचा तक्ता निराळा.) आमच्या शाळेतल्या मुली 'च'च्या भाषेत बोलून 'काय'चे 'चयका' करतात, त्यातलाच हा प्रकार, पण मुलींना मधल्या सुट्टीपुरते गुपित हवे असते, महानुभावांना ते पिढ्यान्‌पिढ्या टिकवायचे होते. पुढे पंथाच्या शाखांनी सुंदरी, अंक, शून्य अशा आणखी कितीतरी लिपी केल्या.

असे का केले? परचक्राचे भय, विरोधकांचा जाच, पवित्र वचने अनधिकारी माणसाच्या हाती पडू नयेत ही भावना, अशी कारणे अभ्यासक देतात. मला ती सारीच खरी वाटतात. ज्याच्या घरावर एकदा धाड पडून गेली त्याने दाराला दोन कड्या लावल्या, तर त्याला हसण्याचा अधिकार आपल्याला नाही.

कुलूप उत्तम ठरले. पंजाबात हा पंथ 'जयकृष्णी' नावाने पसरला आणि मराठी पोथ्या तिकडेही गेल्या, परंतु बाहेरच्याला त्यांतले अक्षर कळेना. याची किंमत मात्र दोघांनी भरली. बाहेरच्यांनी मराठी वाङ्मयाचा इतिहास विवेकसिंधू आणि ज्ञानेश्वरी यांवरून रचला. म्हाइंभटाचे गद्य, नरेंद्राचे काव्य, आद्य कवयित्री महदंबेचे धवळे यांपैकी कशाचाही त्यांना पत्ता नव्हता. पंथाने भरलेली किंमत अधिक कडू. न वाचलेल्या पोथीत काय असेल याविषयी लोक वाटेल ते बोलू लागले. 'मानभाव' हे पंथीयांचे नाव, त्यावरून 'मानभावी' म्हणजे वरून साळसूद आणि आतून कपटी, असा शब्द मराठीत रुळला. या बदनामीला उत्तर देणारे सारे पुरावे त्याच पोथ्यांत होते, आणि त्या पोथ्या कुलपात!

हे कुलूप विसाव्या शतकाच्या प्रारंभी निघाले. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपी उकलली. अक्षरांची अदलाबदल कितीही गुप्त ठेवली तरी भाषेचा स्वभाव बदलता येत नाही. मराठीत कोणती अक्षरे वारंवार येतात, देवाचे नाव पोथीत कुठे कुठे यायचे, हे जाणणाराला अशा लिपीत फट सापडते. नवव्या शतकात बगदादच्या अल्‌-किंदीने अक्षरांच्या मोजणीने गुप्तलेख वाचण्याची रीत लिहून ठेवली, तिचे मर्म हेच. ग्रँडने घड्याळ पाहिले, इथे भाषा पाहायची.

पण नुसती लिपी उलगडून काय उपयोग? पोथ्या मठांत होत्या, आणि मठाचे दार बुद्धीने उघडत नाही, विश्वासाने उघडते. इथे पुष्कळ श्रेय महंतांचे आहे. शतकांचे व्रत बाजूला ठेवून परक्याच्या हाती पोथी देणे सोपे नव्हे; त्यांतल्या काहींनी ते केले. ठाण्याचे वि. ल. भावे यांनी 'महाराष्ट्र सारस्वता'त या वाङ्मयाला मानाचे स्थान दिले आणि १९२४ साली महानुभाव कवींची सूची काढली. आमच्या शेजारच्या यवतमाळचे य. खु. देशपांडे यांचे 'महानुभावीय मराठी वाङ्मय' १९२५ चे. नागपूरच्या ह. ना. नेने यांनी १९३६ पासून लीळाचरित्राचे भाग छापायला घेतले. पुढे डॉ. वि. भि. कोलते यांनी आयुष्य या कामी वेचले; त्यांनी संपादलेले लीळाचरित्र १९७८ साली शासनाच्या साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केले. विदर्भातल्या मंडळींनी हे काम इतके का उचलले, याचे कोडे मला नाही. मठ जवळ होते, आणि पोथी सांभाळणारा माणूस ओळखीचा होता.

बिटकॉइनची सगळी मांडणी अशी, की कुणावरही विश्वास ठेवायची गरज पडू नये. नव्या पाकिटांत किल्लीऐवजी बारा किंवा चोवीस साधे शब्द देतात, २०४८ शब्दांच्या यादीतून निवडलेले. ते क्रमाने आठवले की पाकीट पुन्हा उभे राहते. म्हणजे पाठांतर परत आले! परंतु ते कुणाला सांगू नये, अशीही ताकीद असते. धनी अचानक गेला, तर घरातल्यांना खात्यावरची रक्कम वहीत दिसत राहते आणि हात मात्र पोचत नाही. हिराइसेजवळ ग्रंथ होता, हे पंथातल्या इतरांना ठाऊक होते. म्हणून तिच्याकडे जाता आले.

रिद्धपूरला आता शासनाचे मराठी भाषा विद्यापीठ आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्यासाठी भाषेच्या प्राचीनतेचे जे पुरावे मांडले गेले त्यांत लीळाचरित्रही होते. सकळ लिपीतली पोथी आज विद्यार्थ्याने तक्ता शेजारी ठेवून वाचली, तर पहिले पान उलगडायला संध्याकाळ लागेल. दुसऱ्या पानाला तितका वेळ लागत नाही.