पाय मोडला तर घर कसं चालणार? उत्पन्न संरक्षण विमा आणि कामावर परतण्याची वाट

वेंगुर्ल्याच्या बंदरावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. ऑगस्ट उजाडला की हंगाम सुरू होतो आणि खलाशाच्या घरात पुन्हा पैसा यायला लागतो. आता समजा, हंगामाच्या तिसऱ्याच आठवड्यात एक खलाशी ओल्या फळीवरून घसरला आणि नडगीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत सळी बसवली. डॉक्टर म्हणाले, "चार-पाच महिने होडीवर जायचं नाही."

ऑपरेशनचा खर्च सरकारी आरोग्य योजनेतून भागू शकतो. पण घरचा किराणा, मुलांची फी आणि बचत गटाचा हप्ता कोण भरणार? या खलाशाने बँकेत वर्षाला २० रुपये भरून प्रधानमंत्री सुरक्षा विमा घेतलेला आहे. तरी त्याला एक रुपयाही मिळणार नाही. कारण त्याचा पाय कायमचा गेलेला नाही, फक्त मोडला आहे.

आपल्याकडचे बहुतेक स्वस्त अपघात विमे मृत्यूसाठी किंवा कायमच्या अपंगत्वासाठी पैसे देतात. बरं होऊन कामावर परतेपर्यंतचे महिने त्यात बसत नाहीत. नेमक्या त्याच महिन्यांसाठी जो विमा असतो, त्याला उत्पन्न संरक्षण विमा म्हणतात.

उत्पन्न संरक्षण विमा म्हणजे काय?

आयुर्विमा माणूस गेल्यावर घराला पैसे देतो. आरोग्य विमा हॉस्पिटलचं बिल भरतो. उत्पन्न संरक्षण विमा आजारपणामुळे किंवा दुखापतीमुळे बुडालेल्या कमाईचा काही भाग दर महिन्याला देतो. ब्रिटन, ऑस्ट्रेलियासारख्या देशांत हा विमा रुळलेला आहे. त्याचे तीन मुख्य भाग समजून घेऊ.

• प्रतीक्षा काळ: काम थांबल्यावर लगेच पैसे सुरू होत नाहीत. पॉलिसीत ठरलेले काही आठवडे किंवा महिने आधी जावे लागतात. हा काळ जितका लांब, तितका हप्ता कमी.

• मासिक रक्कम: पूर्ण पगार मिळत नाही, ठरावीक टक्के मिळतात. घरी बसून कामाइतकेच पैसे मिळाले तर परतण्याची ओढ कमी होईल, हा त्यामागचा हिशेब.

• अपंगत्वाची व्याख्या: "स्वतःचं काम करता येत नाही" की "कुठलंच काम करता येत नाही"? या दोन वाक्यांत फार मोठा फरक आहे. दुसरी व्याख्या असेल, तर विमा कंपनी खलाशाला म्हणू शकते, "तुम्ही दुकानात बसून हिशेब लिहू शकता, म्हणून पैसे नाहीत."

यात व्यावसायिक पुनर्वसन कुठून आलं?

हाड जुळणं आणि माणूस कामावर परतणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्लास्टर निघालं तरी पाय अशक्त असतो, तोल सांभाळता येत नाही, पुन्हा पडण्याची भीती मनात असते. हातचं काम दुसऱ्याने घेतलेलं असतं. उपचारापासून कामापर्यंतचा हा रस्ता पार करायला केलेल्या मदतीला व्यावसायिक पुनर्वसन म्हणतात. त्यात साधारण या गोष्टी येतात:

• कामाला लागणारी ताकद डोळ्यांसमोर ठेवून केलेली फिजिओथेरपी. खलाशाला नुसतं चालता येऊन भागत नाही. हलत्या होडीवर उभं राहून जाळं ओढता आलं पाहिजे.

• कामात बदल. आधी किनाऱ्यावर जाळ्यांची दुरुस्ती, बर्फाचा आणि डिझेलचा हिशेब, मग जवळच्या फेऱ्या, शेवटी पूर्ण काम.

• साधनांत बदल. नारळ काढणाऱ्याच्या गुडघ्याला त्रास असेल, तर दोर लावून चढण्याऐवजी माडावर चढण्याचं यंत्र.

• जुनं काम शक्यच नसेल, तर नव्या कामाचं प्रशिक्षण.

विमा कंपनी हा खर्च कशाला करेल?

कारण त्यात तिचाच फायदा असतो. समजा, एखाद्याला दरमहा १२,००० रुपये द्यायचे आहेत. तो पाच वर्षं घरी राहिला तर कंपनीचे ७ लाख २० हजार रुपये जातात. ६०,००० रुपयांची फिजिओथेरपी आणि प्रशिक्षण देऊन तो एका वर्षात कामावर परतला, तर कंपनीचा खर्च २ लाखांच्या थोडा वर जातो. माणसाला काम मिळतं, कंपनीचे पैसे वाचतात. म्हणूनच परदेशातल्या अनेक विमा कंपन्या पुनर्वसनाचं काम पाहणारी माणसं नेमतात. ती डॉक्टर, मालक आणि रुग्ण यांना एकत्र बसवून परतण्याचा आराखडा ठरवतात.

पण या व्यवस्थेत सगळ्यात महत्त्वाचं कलम वेगळंच असतं. ते म्हणजे अंशतः लाभ. पुन्हा आकडे घेऊ. महिन्याची कमाई २०,००० रुपये. आजारपणात विमा त्याचे ६० टक्के, म्हणजे १२,००० रुपये देतो. आता डॉक्टर म्हणाले, "अर्धा दिवस काम करा." अर्ध्या दिवसाचे मिळतात १०,००० रुपये.

• अंशतः लाभ नसेल, तर काम सुरू होताच विमा बंद. घरी बसलं तर १२,००० रुपये, काम केलं तर १०,००० रुपये. कोण कामावर जाईल?

• अंशतः लाभ असेल, तर अर्धी कमाई बुडाली म्हणून अर्धा विमा, म्हणजे ६,००० रुपये चालू राहतात. एकूण १६,००० रुपये हातात येतात. अर्धं काम करणंही परवडतं.

माणूस आळशी आहे म्हणून घरी बसतो, असं आपण पटकन म्हणतो. पुष्कळदा नियमच असे असतात की थोडंसं काम करणाऱ्याचं नुकसान होतं. ब्रिटनमध्ये २०१० पासून डॉक्टरांच्या दाखल्यात "काम करण्यास अयोग्य" याच्या जोडीला "काही बदल केल्यास काम करू शकेल" असाही पर्याय आहे. कामाचे तास कमी करा, कामाचं स्वरूप बदला, असं डॉक्टर त्यात सुचवू शकतात. आपल्याकडे दाखला बहुतेक वेळा "विश्रांती" किंवा "तंदुरुस्त" अशा दोनच टोकांचा मिळतो.

भारतात असं काही आहे का?

परदेशासारखा सर्व आजारांसाठी दरमहा पैसे देणारा विमा आपल्याकडे सर्रास मिळत नाही. पण त्याच्या सगळ्यात जवळ जाणारी एक जुनी सरकारी व्यवस्था आहे: कर्मचारी राज्य विमा, म्हणजेच ईएसआय. तिचा मूळ कायदा १९४८ सालचा होता. ही योजना लागू असलेल्या भागात, दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांमध्ये ती असते. २०१७ पासून पगाराची मर्यादा महिना २१,००० रुपये होती, दिव्यांग कामगारांसाठी २५,०००. जुलै २०१९ पासून कामगाराचा वाटा पगाराच्या ०.७५ टक्के आणि मालकाचा ३.२५ टक्के आहे.

• कामावर दुखापत झाली तर काम बंद असेपर्यंत सरासरी रोजंदारीच्या सुमारे ९० टक्के.

• साध्या आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के. क्षयरोग, कर्करोग अशा ठरावीक दीर्घ आजारांत ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत.

• कामावरच्या दुखापतीमुळे ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व आलं आणि वय ४५ च्या आत असेल, तर व्यावसायिक प्रशिक्षणाच्या काळात फी किंवा दिवसाला १२३ रुपये, यातली जी रक्कम जास्त असेल ती.

शेवटचा मुद्दा पुष्कळ कामगारांना माहीतच नसतो. काजू कारखान्यात, हॉटेलात किंवा बर्फाच्या कारखान्यात काम करत असाल, तर पगाराच्या पावतीवर ईएसआयची कपात आहे का, हे आजच पाहा.

जखमी माणसाला नवं काम शिकवण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. पुण्याजवळ खडकीला असलेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट १९१७ साली, पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांसाठी सुरू झाली. मुंबईत हाजी अलीजवळची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था १९५५ पासून काम करते. शीव-चुनाभट्टी भागात १९६८ साली सुरू झालेलं व्यावसायिक पुनर्वसन केंद्र आता दिव्यांगांसाठीचं राष्ट्रीय करिअर सेवा केंद्र म्हणून चालतं. तिथे माणसाची क्षमता तपासून कामाची दिशा सुचवली जाते.

वेंगुर्ल्यातल्या माणसाच्या हातात काय आहे?

ज्याच्याकडे पगाराची पावतीच नाही, त्याच्यासाठी यादी अशी:

• प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना: अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख रुपये. एक डोळा, एक हात किंवा एक पाय कायमचा निकामी झाला तर १ लाख. तात्पुरत्या दुखापतीला काही नाही.

• मच्छीमारांचा गट अपघात विमा: प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेखाली. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास ५ लाख, कायमचं अंशतः अपंगत्व आल्यास अडीच लाख, हॉस्पिटलसाठी २५,००० रुपयांपर्यंत. हप्ता सरकार भरतं. मात्र नाव नोंदलेलं हवं. मच्छीमार सोसायटीत चौकशी करा.

• गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना: मृत्यू किंवा दोन अवयव गमावल्यास २ लाख, एक अवयव गमावल्यास १ लाख. आंबा-काजूच्या बागा असणाऱ्या शेतकरी कुटुंबांसाठी उपयोगी.

• केरा सुरक्षा: नारळ विकास मंडळाचा, माडावर चढणाऱ्यांसाठीचा विमा. या यादीत हा वेगळा आहे. काम तात्पुरतं बंद पडलं तरी तो दर आठवड्याला ठरावीक रक्कम देतो, पण जास्तीत जास्त सहा आठवडे. मोडलेलं मनगट सहा आठवड्यांत जुळेलही, पण माडावर चढण्याइतकी पकड तेवढ्यात येत नाही.

• खासगी वैयक्तिक अपघात पॉलिसी: यात "तात्पुरतं पूर्ण अपंगत्व" असं जोडकलम घेता येतं. अनेक पॉलिसींत विमा रकमेच्या १ टक्का दर आठवड्याला, जास्तीत जास्त १०० आठवडे मिळतो. म्हणजे ५ लाखांच्या विम्यावर आठवड्याला ५,००० रुपयांपर्यंत. मात्र हा फक्त अपघातासाठी आहे. लकवा, हृदयविकार किंवा मणक्याचा जुना आजार यात येत नाही.

सरकारी किंवा महामंडळाच्या नोकरीत असाल, तर विम्यापेक्षाही मोठं संरक्षण कायद्यात आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम २० नुसार, नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून कर्मचाऱ्याला काढता येत नाही किंवा पदावनत करता येत नाही. जुनं काम जमत नसेल तर तेवढ्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यावं लागतं. तशी जागा नसेल, तर ती मिळेपर्यंत जादा पदावर ठेवता येतं. म्हणून एसटीचा चालक, नगरपरिषदेचा सफाई कामगार किंवा वीज कंपनीचा लाइनमन यांनी दुखापतीनंतर घाईत राजीनाम्यावर सही करू नये.

पॉलिसी घेताना हे पाच प्रश्न विचारा

१. फक्त अपघात, की आजारपणही?
२. "स्वतःचं काम" की "कुठलंही काम"?
३. किती दिवसांनी पैसे सुरू होतात आणि किती आठवडे मिळतात?
४. अर्धं काम सुरू केलं तर विमा पूर्ण बंद होतो का?
५. उत्पन्नाचा पुरावा कोणता लागेल? खलाशी, गवंडी, रिक्षावाले यांचा दावा बहुधा इथेच अडतो. म्हणून कमाईचा वाटा रोख घेत असाल तरी त्यातला काही भाग नियमित बँकेत भरा. तीच नोंद उद्या पुरावा ठरते.

दुखापत झालीच तर

विमा कंपनीला किंवा कार्यालयाला लगेच, शक्यतो लेखी कळवा. केसपेपर, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. डॉक्टरांना "कधी बरा होईन?" एवढंच विचारू नका. "माझं काम असं असं आहे, त्यातलं आज काय करता येईल?" असं विचारा आणि उत्तर कागदावर लिहून घ्या. मालकाशी किंवा तांडेलाशी पहिल्या महिन्यातच बोला. जागा रिकामी राहून विसरली जाण्याआधी हलकं काम मागितलेलं बरं. कायमचं अपंगत्व राहणार असेल, तर दिव्यांग प्रमाणपत्रासाठी ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. पुढच्या बहुतेक योजनांची दारं त्या कागदाने उघडतात.

आणि विमा कुठलाच नसेल, तरी एक प्रतीक्षा काळ स्वतः उभा करता येतो: दोन-तीन महिन्यांच्या घरखर्चाइतकी रक्कम वेगळ्या खात्यात. मासेमारी बंदीच्या दोन महिन्यांसाठी कोकणातलं मच्छीमार कुटुंब दरवर्षी थोडंफार बाजूला टाकतंच. दुखापतीचे महिने मात्र तारीख सांगून येत नाहीत. त्यांच्यासाठीची तरतूद हंगाम चांगला चालू असतानाच करावी लागते.

(योजनांचे हप्ते, रकमा आणि अटी वेळोवेळी बदलतात. अर्ज करण्याआधी त्या वर्षीचे नियम बँकेत, सोसायटीत किंवा संबंधित कार्यालयात विचारून घ्या.)