श्रेय मिळालं, पण हक्काचं काय?

1970 च्या दशकात न्यूयॉर्कमधल्या साउथ ब्राँक्समध्ये इमारती एकामागून एक जळत होत्या. वस्ती कृष्णवर्णीय आणि पोर्टोरिकन कष्टकऱ्यांची, म्हणून शहराच्या सत्तेनं पाठ फिरवली होती. पोरी रस्त्यावर भरकटू नयेत म्हणून हेलन स्क्रॉगिन्स या आईनं त्यांना वाद्यं घेऊन दिली. रेने, व्हॅलेरी, डेबोरा आणि मेरी या बहिणींनी बँड काढला. नाव ईएसजी: एमराल्ड, सफायर आणि गोल्ड. पहिली दोन बहिणींची जन्मरत्नं, तिसरं गोल्ड रेकॉर्डचं स्वप्न.

1981 मध्ये इंग्लंडच्या फॅक्टरी रेकॉर्ड्सनं त्यांची पहिली रेकॉर्ड काढली. टेपवर तीन मिनिटं उरली होती म्हणून 'यूएफओ' ही धून मुद्रित झाली. पोस्ट-पंक म्हटलं की गोऱ्या तरुणांच्या बँडची नावं आधी घेतली जातात. या बहिणींनी मात्र मुख्यतः बास, ड्रम आणि कोंगा यांच्या तालावर स्वतःचं संगीत उभं केलं.

पुढे हिप-हॉप कलाकारांनी 'यूएफओ'चे तुकडे कापून आपल्या गाण्यांत वापरले. यालाच सॅम्पलिंग म्हणतात. पब्लिक एनिमी, बिग डॅडी केन अशा कित्येकांच्या गाण्यांत ती धून घुमली, पण बहिणींच्या हाती मोबदला फारसा पडला नाही. 1992 मध्ये त्यांनी आपल्या रेकॉर्डला नावच दिलं: सॅम्पलच्या श्रेयानं आमची बिलं भागत नाहीत!

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. धून उचलणारे बहुतांश कलाकारही कृष्णवर्णीयच होते. म्हणजे आपल्याच माणसानं आपली निर्मिती गाजवली, तरी न्याय आपोआप होत नाही. परवानगीशिवाय सॅम्पल वापरता येणार नाही, असं अमेरिकन न्यायालयानं ठणकावलं ते 1991 मध्ये. तोवर ही धून कितीतरी गाण्यांत जाऊन बसली होती.

2000 मध्ये 'ए साउथ ब्राँक्स स्टोरी' हा संग्रह आला आणि नव्या पिढीनं ईएसजीला डोक्यावर घेतलं. कौतुक हवंच, पण कौतुकानं चूल पेटत नाही. निर्मितीची मालकी, करार आणि मोबदला हे हक्काचे प्रश्न आहेत.

आता स्वतःला विचारा: जयंतीच्या मिरवणुकीत आपण ज्या भीमगीतांवर नाचतो, त्यांतल्या किती गीतकारांची नावं आपल्याला ठाऊक आहेत? त्यांच्या कुटुंबाला काय मिळालं? गाणं पुढे पाठवताना कवीचं नाव लिहा. कार्यक्रम ठेवलात तर मानधन द्या. आपल्या शाहिरांच्या हक्काची सुरुवात आपल्यापासूनच होऊ द्या.

जय भीम!