दिनविशेष : २५ ऑगस्ट
१९४१ : संगीतकार अशोक पत्की यांचा जन्म. सुमन कल्याणपूर यांच्या कार्यक्रमांत ते हार्मोनियमची साथ करीत. पुढे जाहिरातींच्या जिंगल्स करताना काही सेकंदांत चाल मनात ठसवण्याचे कसब त्यांच्या हाती आले. १५ ऑगस्ट १९८८ रोजी दूरदर्शनवरून प्रसारित झालेल्या ‘मिले सूर मेरा तुम्हारा’ची भैरवीतली चाल त्यांचीच, वाद्यमेळाची बाजू लुई बँक्स यांनी सांभाळली. ‘आभाळमाया’, ‘वादळवाट’ या मालिकांची शीर्षकगीते देवकी पंडित यांच्या आवाजात घरोघरी पोचली. रंगभूमीवर ‘मोरूची मावशी’ची गाणी गाजली. ‘अंतर्नाद’ या कोकणी चित्रपटाच्या संगीतासाठी त्यांना २००६ चा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.