देवाची विहीर आणि पाण्यातील क्षार

श्रीकृपेने, दात्यांच्या औदार्याने व ग्रामस्थांच्या श्रमाने मंदिराचा जीर्णोद्धार पार पडला. शिखर, सभामंडप व देणगीदार यांची माहिती या स्मरणिकेत अन्यत्र आलीच आहे. प्रस्तुत लेखात मंदिरासमोरील विहिरीच्या पाण्याचा इतिहास थोडक्यात सांगण्याचा विचार आहे.

पिंडीवरील अभिषेकपात्राचे छिद्र वरचेवर बुजते व पुजाऱ्यांना ते मोकळे करावे लागते, हे आपण पाहतो. पाणी तापवण्याच्या भांड्याला पांढरे पुट चढते, डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. 'आपले पाणी जड आहे' असे जुनी माणसे म्हणत. हा जडपणा कोणी बाहेरून आणून टाकलेला नाही. तो आपल्या भूमीचाच आहे.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हारस बाहेर पडला व त्याचे थरावर थर साचले. तोच आपला काळा पाषाण. चाकण, खेड, भोसरी, पिंपरी हा सर्व मुलूख त्याच थरांवर वसलेला आहे. पावसाचे पाणी मुळात हलके असते. ते मातीत मुरताना मुळांच्या व कुजणाऱ्या पाल्याच्या योगाने तेथे साठलेला कार्बन डायॉक्साइड वायू त्यात विरघळतो व पाणी किंचित आम्लधर्मी होते. असे पाणी मुरूम, मांजऱ्या व कातळाच्या फटींतून महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे झिरपते आणि खडकातील कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम ही द्रव्ये हळूहळू आपल्यात घेते. मुक्काम जितका लांब, तितके क्षार सामान्यतः अधिक.

याचा पुरावा जवळच आहे. घोरावडेश्वराच्या डोंगरात प्राचीन काळी लेणी कोरणाऱ्यांनी पाण्याची टाकीही कोरली. अशा टाक्यात पडलेले पावसाचे पाणी खडकातून फारसे फिरत नाही, म्हणून ते हलके राहते. विहिरीचे पाणी मात्र लांबचा प्रवास करून आलेले असते.

विहीर खणताना निघणाऱ्या चकचकीत पांढऱ्या गारगोट्या पुष्कळांनी पाहिल्या असतील. त्यांतील बऱ्याच झिओलाइट जातीच्या असतात. खडकाच्या पोकळ्यांत खनिजयुक्त पाण्यातूनच त्या घडल्या. म्हणजे पाणी खडकाकडून घेते, तसे परतही देते. पाणी तापले अगर सुकले की त्यातील वायू निघून जातो व चुना मागे उरतो. अभिषेकपात्र बुजते ते यामुळेच. शेतातील काळ्या मातीत चुनखडीचे खडे सापडतात, तेही याच रीतीने झालेले. पूर्वी अशी चुनखडी भाजून, घाणीत मळून बांधकामाचा चुना करीत. जुन्या देवळांचे चिरे ज्या चुन्याने सांधले जात, तो एकेकाळी पाण्यातूनच आलेला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे मौज वाटते.

तथापि नैसर्गिक म्हणजे निर्धोक, असे समजू नये. अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांतील पूर्णेच्या खोऱ्यात खारे पाणी लागते, म्हणून त्यास खारपाणपट्टा म्हणतात. यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांतील काही गावांच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. त्याने दात व हाडे बिघडतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरी सोय नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतात. नायट्रेटची मर्यादा मात्र 45 मिलिग्रॅम असून तीत सवलत नाही.

येथेच आजचा खरा प्रश्न येतो. 1972 च्या दुष्काळानंतर गावोगाव बोअर झाले व माणसे विहिरीकडे पाठ फिरवू लागली. पिंपरीत 1954 पासून हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला, पुढे भोसरी व चाकणपर्यंत औद्योगिक वसाहती पसरल्या. वस्ती वाढली, तसे शोषखड्डे, उघडी गटारे व सांडपाणीही वाढले. खडकाने दिलेला चुना जिभेला, साबणाला कळतो. मैल्याने वा खताने आलेले नायट्रेट ना दिसते, ना चवीला कळते. पाणी उकळल्याने जडपणा काहीसा जातो, नायट्रेट जात नाही. म्हणून पाणी पूर्वीसारखेच जड लागते, एवढ्यावरून ते पूर्वीसारखेच आहे असे म्हणता येणार नाही.

प्रांगणात फरशी घालताना विहीर बुजवून जागा मोकळी करावी, असाही एक विचार पुढे आला आहे. समितीस व दात्यांस नम्र विनंती की, तसे करू नये. विहिरीचा गाळ काढावा, कठडा बांधावा, वर जाळी बसवावी, जवळपास सांडपाणी मुरू देऊ नये, आणि पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर पाणी प्रयोगशाळेत तपासून निकाल मंदिराच्या फळ्यावर लावावा. यास खर्च थोडा, पण उपयोग पिढ्यांचा आहे. देऊळ पडले तर वर्गणी काढून पुन्हा उभारता येते. भूमीतील पाणी एकदा नासले तर ते निवळायला आपले आयुष्य पुरत नाही.

देवाच्या मस्तकावर पडणारे पाणी निर्मळ ठेवण्याची बुद्धी सर्वांना होवो, हीच श्रीचरणी प्रार्थना.