शेजारणींचा बाजार

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पूल, बोर्नमथ आणि क्राइस्टचर्च ही तीन गावे एकमेकांना अगदी खेटून बसली आहेत. (पूल हे गावाचे नाव आहे, नदीवरच्या पुलाशी त्याचा काही संबंध नाही.) 2019 साली तिघांचा नगरकारभारही एक झाला, आणि आता एक गाव कुठे संपते आणि दुसरे कुठे सुरू होते हे परक्या माणसाच्या ध्यानातही येत नाही. परंतु गेल्या दोनशे वर्षांतल्या त्यांच्या बाजारपेठांची हकीकत पाहावी, तर या शेजारणींमध्ये गिऱ्हाइकांवरून किती ओढाताण झाली ते कळते.

आधी पूलची गोष्ट. तिच्यापुढे एक भलेमोठे नैसर्गिक बंदर पसरले आहे. 1248 साली इथल्या विल्यम लाँगस्पे नावाच्या जहागीरदाराला धर्मयुद्धावर जाण्यासाठी पैसा हवा होता. त्याने गावकऱ्यांकडून 70 मार्क घेतले आणि त्यांना हक्कांची सनद देऊन टाकली. राजेलोकांच्या लढाया व्यापाऱ्यांच्या अशा पथ्यावर पडतात! पुढे अठराव्या शतकात पूलची भरभराट झाली ती माशावर. वसंत ऋतूत इथली गलबते मीठ, जाळी, कपडे, बूट असा माल भरून अटलांटिकपार न्यूफाउंडलंडला जात. तिथे कॉड मासा पकडून खारवायचा, वाळवायचा, तो स्पेन, पोर्तुगाल, इटलीत विकायचा आणि येताना दारू, तेल, फळे घेऊन घरी परतायचे, असा हा त्रिकोणी व्यापार होता. या गलबतांना लागणारी प्रत्येक वस्तू कुणीतरी शिवत होते, विणत होते, ठोकत होते. त्यामुळे धक्क्यापासून आत जाणारा हाय स्ट्रीट, म्हणजे गावाचा पेठरस्ता, गजबजलेला असे. 1761 साली बांधलेले गिल्डहॉल अजून उभे आहे. खालच्या मजल्यावर बाजार आणि वर नगरसभा, अशी त्याची मूळची रचना. भाजीपाल्याच्या डोक्यावर बसून कारभार करणाऱ्यांना निदान खालचे भाव तरी ऐकू येत असतील.

1815 साली नेपोलियनशी चाललेले युद्ध संपले आणि पूलचे दैव फिरले. युद्धात हटलेले परदेशी कोळी पुन्हा मासेमारीला आले, भाव कोसळले, आणि काही दशकांत तो व्यापार बसला.

त्या वेळी शेजारी बोर्नमथ नावाचे गावच नव्हते. होते ते खुरट्या झुडपांचे ओसाड माळरान, एक ओढा, आणि रात्री चोरटा माल उतरवणारे लोक. 1810 साली लुइस ट्रेगॉनवेल नावाच्या निवृत्त लष्करी अधिकाऱ्याने तिथे बायकोसाठी घर बांधायला घेतले. पुढे जमीनदारांनी पाइनची झाडे लावली, बंगले उठवले. 1841 साली डॉक्टर ग्रॅनव्हिल यांनी छातीच्या रोग्यांना इथली हवा मानवेल असा निर्वाळा दिला. मग काय विचारता! खोकणारे श्रीमंत लोक इथे हिवाळा काढू लागले. इथल्या बागेतल्या पाइनच्या रांगेखालच्या वाटेला ‘रोग्यांची वाट’ असेच नाव पडले होते. कादंबरीकार स्टीव्हन्सनही प्रकृतीसाठीच 1884 ते 1887 इथे राहिला. 1851 साली या गावात हजार माणसेसुद्धा नव्हती. 1881 साली ती 17,000 च्या आसपास गेली.

आता ही पेठ कशी असणार? पूलचा दुकानदार खलाशाला दोरखंड विकत होता, बोर्नमथच्या दुकानदारापुढे शाल पांघरलेली बाई उभी. तिला काही नडलेले नाही, वेळ मात्र जात नाही. तिला पाऊस लागता कामा नये, वारा लागता कामा नये. हेन्री जॉय नावाच्या बांधकाम करणाऱ्याने हे अचूक हेरले. त्याने 1866 साली समोरासमोर दुकानांच्या दोन ओळी उभ्या केल्या आणि पुढे त्यांवर काचेचे छप्पर घातले. ते आर्केड आजही आहे. गंमत पाहा, मोठी दुकाने ज्या रस्त्यावर थाटली गेली त्याचे नाव ओल्ड क्राइस्टचर्च रोड, म्हणजे धाकटीच्या पेठेला शेजारणीचे नाव!

1870 साली आगगाडी आली आणि रोग्यांपाठोपाठ धडधाकट माणसेही सुट्टीला येऊ लागली. 1881 साली जॉन एल्म्स बील याने ‘फॅन्सी फेअर’ नावाचे दुकान काढले. खेळणी, भेटवस्तू, मुलांना वाळूत खेळायला बादल्या नि फावडी, असला त्याचा माल. नाताळात दुकानात जिताजागता फादर ख्रिसमस बसवण्याची प्रथा 1885 साली आपणच पाडली, असे हे दुकान अभिमानाने सांगत असे. बील पुढे तीन वेळा नगराध्यक्ष झाला. 23 मे 1943 च्या रविवारी जर्मन विमानांनी बोर्नमथवर बॉम्ब टाकले, शंभरावर माणसे मेली आणि बीलचे दुकान जळून खाक झाले. युद्धानंतर ते त्याच जागी पुन्हा बांधले गेले.

पूल मात्र स्वस्थ बसली नव्हती. 1969 साली तिने छपराखालचे मोठे नवे बाजारकेंद्र उघडले. आज त्याला डॉल्फिन म्हणतात. जुना हाय स्ट्रीट रेल्वेच्या फाटकाने मध्येच कापला आहे, आणि हे केंद्र फाटकापलीकडे, धक्क्यापासून दूरच्या अंगाला. बस तिथेच थांबते, मोटार तिथेच लावता येते; मग फाटक ओलांडून धक्क्याकडे कोण जाणार? शेजारणीची गिऱ्हाइके ओढायला निघालेल्या पूलने आपल्याच जुन्या पेठेची गिऱ्हाइके ओढली, असे मला तरी वाटते. 2003 साली बोर्नमथच्याही कडेला कॅसलपॉइंट उभे राहिले. तिथे समुद्र नाही, बाग नाही, पण सुमारे 3,000 मोटारी फुकट उभ्या करता येतात. त्यानंतर तर घरबसल्या फोनवर वस्तू मागवण्याचे दिवस आले.

बॉम्बला पुरून उरलेले बीलचे बोर्नमथचे दुकान 2020 साली बंद झाले. त्याच्या अनेक शाखांपैकी शेवटी उरली एकच, आणि तीही पूलच्या डॉल्फिनमध्ये! नव्या गावात जन्मलेल्या दुकानाने अखेरचा आसरा घेतला तो जुन्या गावात. 2025 साली वाढत्या करांना आणि पगारखर्चाला कंटाळून तिनेही दारे लावली. जाता जाता मालकांनी अखेरच्या विक्रीला चक्क अर्थमंत्रीणबाईंचे नाव देऊन राग काढला. लोकांनी उरलासुरला माल स्वस्तात नेला, आणि 144 वर्षांचे नाव पाटीवरून उतरले.

या साऱ्या भांडणात क्राइस्टचर्चचे नाव फारसे आले नाही. तिच्याकडे एक प्राचीन मठमंदिर आहे, आखूडसा हाय स्ट्रीट आहे, आणि त्या रस्त्यावर सोमवारचा बाजार भरतो. सकाळी राहुट्या उभ्या राहतात, दिवसभर भावताव चालतो, आणि संध्याकाळच्या आत बाजार उठतो, तो पुढल्या सोमवारी पुन्हा भरण्यासाठी.