लुटारू ते भक्षक : एका शब्दाचा इतिहास

काही शब्द दिसावयास निरुपद्रवी असतात. त्यांचे मूळ शोधू लागल्यास मात्र एखादा जुना आरोप हाती लागतो. इंग्रजीतील ‘प्रेडेटर’ हा शब्द त्यांपैकीच होय. प्राणिशास्त्रात त्याचा अर्थ साधा आहे : दुसऱ्या जीवांना मारून त्यांवर उपजीविका करणारा प्राणी. वाघ त्यात येतो, ससाणा येतो, किडे टिपणारा बेडूकही येतो. परंतु शब्दाचा जन्म रानात झाला नाही. तो रणांगणावर झाला.

लॅटिन भाषेत ‘प्रेडा’ म्हणजे युद्धात हाती लागलेली लूट, आणि ती करणारा तो ‘प्रेडातोर’. रोमन सैन्यात हे काम शिस्तीने चाले. पॉलिबिअस हा इतिहासकार सांगतो की, निम्मे शिपाई लुटीस जात, निम्मे शस्त्रे घेऊन सज्ज राहत. मिळालेला माल विकून येणारा पैसा सर्वांस सारखा वाटला जाई. म्हणजे रोमच्या लेखी ती लष्करी मिळकतच होती.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत ‘प्रेडेटरी’, म्हणजे लुटारू, हे विशेषण रूढ झाले. मराठी वाचकांस ते परके नाही. माल्कमने १८२३ च्या मध्य हिंदुस्थानविषयक ग्रंथात आणि ग्रँट डफने १८२६ च्या मराठ्यांच्या इतिहासात ते पेंढाऱ्यांबरोबर मराठी सत्तेलाही लावले. वस्तुतः दक्षिणेतील चौथाई व सरदेशमुखीच्या सनदा १७१९ मध्ये दिल्लीच्या बादशहाकडून मिळालेल्या होत्या. अर्थात १७४० नंतर बंगालवर झालेल्या स्वाऱ्यांत तेथील रयतेने जे सोसले, ते कोणत्याही सनदेने झाकले जात नाही. पण १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले, तेव्हा इंग्रज फौजेने टिपूचा खजिना हुद्द्यांप्रमाणे वाटून घेतला. त्या वाटणीस नाव मिळाले ‘प्राइझ’. मौज अशी की, ‘लूट’ हा शब्दही इंग्रजीने हिंदुस्थानातूनच उचलला. ज्याच्या हाती लेखणी, त्याने कोणास लुटारू म्हणावे हे ठरविले.

माणसांवरचा हा आरोप पुढे प्राण्यांकडे गेला. एकोणिसाव्या शतकात ‘प्रेडेटर’ हे नाम कीटकांना, व विसाव्याच्या आरंभी सर्वच शिकारी प्राण्यांना लागू झाले. त्याच काळात इंग्रज सरकार वाघ, बिबळे, लांडगे मारणाऱ्यांस इनामे देत होते. चित्ता तर १९५२ मध्ये भारतातून नामशेष म्हणून जाहीर झाला.

शास्त्राने मात्र हळूहळू हा कलंक पुसला. लोत्का यांनी १९२५ मध्ये व व्होल्तेरा यांनी १९२६ मध्ये गणिताने दाखविले की, भक्ष्य व भक्षक यांची संख्या एकमेकांच्या आधारे वरखाली होत असते. येथे चोर कोणी नाही, धनी कोणी नाही. पूर्वीच्या ग्वाल्हेर संस्थानच्या मुलखातील कुनोच्या रानात १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियाहून ८ चित्ते आणून सोडण्यात आले, ते याच जाणिवेने.

आपला जुना ‘श्वापद’ शब्द केवळ ‘कुत्र्यासारख्या पायांचा’ एवढेच सांगतो. पायांचे वर्णन करून तो थांबतो. न्यायनिवाडा करीत नाही.